रंग चढेपर्यंतचा निबंध

माझी वहिनी केस कापते, केस रंगवते, भुवया कोरते आणि कुणालाही नाही म्हणत नाही. पहिल्या तीन गोष्टींवर आमचं घर चाललं. चौथीनं तिला दोनदा नापास केलं.

परीक्षा इंग्रजीची. माझा थोरला भाऊ परदेशात बंदरावर क्रेन चालवतो. बरीच वर्षं झाली. वर्षातून एकदा येतो, तेव्हा पहिले दोन दिवस माझी भाची, म्हणजे त्याची लेक, त्याच्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागते. बापाची सवय होते न होते तोच त्याची बॅग भरायची वेळ येते. दोघींना तिकडे कायमचं न्यायचं तर वहिनीनं ही परीक्षा पास व्हायला हवी, आणि तीही पोरीला अठरा पूर्ण व्हायच्या आत. अठरानंतर सरकारच्या लेखी ती लेकरू राहत नाही. तिचे कागद वेगळे, तिची रांग वेगळी. वहिनीचं म्हणणं एकच, गेलो तर दोघी जाऊ, नाहीतर कुणीच नाही. पोरीचं सतरावं सरत आलं होतं. तिसरी परीक्षा ही शेवटची, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही, म्हणजे बघा.

कारण मी बोलते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, दादाच्याच घरी राहिले आणि वहिनीच्या पार्लरमध्ये गल्ला, झाडू आणि टॉवेल सांभाळते. लोक मला फटकळ म्हणतात. खरं आहे ते. वहिनी हसून म्हणायची, "वन्सं, तुमच्या हातात झाडू आहे ते बरंय. कात्री असती तर गिऱ्हाईक कानाला मुकलं असतं."

तर त्या परीक्षेचे भाग चार. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं. दहावीला शाळा सुटलेली ही बाई, पण मोबाईलवर इंग्रजी बातम्या लावून दिवसभर ब्रश फिरवायची. पहिले तीन भाग तिनं पहिल्याच फटक्यात काढले. लिहिण्यात मात्र हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. चाळीस मिनिटांत एक निबंध, विषय समोर आल्यावर कळणार. दोन्ही वेळा अर्ध्या गुणानं हुकला.

सराव करणार कधी? सकाळपासून दुकान, दुकान मिटलं की घर. पण तिचं डोकं बघा. केसांना रंग लावला की तो चढायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाईक खुर्चीत बसून मासिकं चाळतं. वहिनीनं ठरवलं, रंग चढेपर्यंत निबंध. शेवटचा ब्रश फिरला की हातमोजे काढायची, टायमर लावायची आणि आरशाखालच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानंच लिहायला लागायची. विषय कुणी द्यायचा? जिच्या डोक्यावर रंग तिनं. बायकांनी एकेक विषय दिले. नवऱ्याला स्वयंपाक यावा का. गच्चीवर कुत्री पाळू द्यावीत का. एकीनं तर डॉक्टरांना शुद्धलेखन सक्तीचं करावं का, असा दिला. वहिनीनं सगळे लिहिले. टायमर वाजला की पेन खाली, शब्द अर्धा असला तरी. "निबंध थांबेल, केस थांबत नाहीत," म्हणायची. जरा उशीर झाला की रंग हवा त्याहून गडद होतो आणि मग गिऱ्हाईक आरशात बघून गप्प होतं. या शिस्तीनं तिला घड्याळ न बघता चाळीस मिनिटं कळायला लागली.

तिच्याकडे रंगाला येणाऱ्यांत इंग्रजीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळ्या गल्लीच्या त्या बाई. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी निबंध मागितला. कानावर रंग होता, चष्मा अडकवता येईना, म्हणून एका हातानं नाकावर धरून त्यांनी तो वाचला. विषय होता, लहान मुलांना मोबाईल द्यावा का.

"इंग्रजी ठीक आहे तुझं," बाई म्हणाल्या. "पण तुझं मत काय?"

"लिहिलंय की, बाई."

"कुठे? द्यावा म्हणणारे बरोबर. देऊ नये म्हणणारेही बरोबर. शेवटी काय, तर ज्याची त्याची परिस्थिती वेगळी. तू परीक्षा देतेस का गिऱ्हाईक सांभाळतेस?"

मला हसू आवरेना. बाईंनी नेमकं दुखणं धरलं होतं. आमच्या धंद्यात खुर्चीतल्या माणसाशी वाद घालत नाहीत. सकाळी सून येते, सासूच्या नावानं बोटं मोडते, वहिनी म्हणते, "हो ना." दुपारी तीच सासू येते, सुनेचा उद्धार करते, वहिनी त्याच सुरात म्हणते, "हो ना." दोघींनाही वाटतं ही आपल्या बाजूची. इतकी वर्षं दोन डगरींवर पाय ठेवून ही बाई पडली नाही, आणि परीक्षेत पडली ती याच सवयीनं.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," बाई म्हणाल्या. "पहिल्या परिच्छेदात तुझं मत, खणखणीत. दुसरीही बाजू आहे म्हणतेस ना, असू दे. ती दुसऱ्या परिच्छेदात मान्य कर. दोन्ही एकत्र कालवलंस की गेलीस."

"पण बाई, मला खरंच सगळ्यांचं पटतं."

"सगळ्यांचं पटणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. न बोलणारी पुष्कळ पाहिलीत." मग त्यांनी औषधच सांगितलं. विषय देणाऱ्या बाईला आधी तोंडानं स्वतःचं मत सांगायचं, मग लिहायचं.

"गिऱ्हाईक उठून जाईल हो."

"डोक्याला रंग लावून? जाऊन जाऊन जाईल कुठे?"

पहिला नंबर लागला बँकेच्या मॅनेजरबाईंचा. आमचं सगळ्यात जुनं आणि वजनदार गिऱ्हाईक. त्यांनी विषय दिला, मुलींनी आईच्या सांगण्यावरून शिक्षण निवडावं का, आणि उत्तरही स्वतःच दिलं, निवडावंच, माझी ऐकत नाही म्हणून तर डोकं फिरलंय. वहिनीच्या तोंडात "हो ना" आलेलं मला दिसलं. ते तिनं गिळलं. मग हातमोजा काढता काढता म्हणाली, "नाही. मला नाही पटत. शिकणार ती, दिवस काढणार ती, मग ठरवायचं पण तिनंच."

मॅनेजरबाई आरशातून बघत राहिल्या. टायमर वाजला, केस धुतले, त्या एक शब्द न बोलता गेल्या. पुढच्या महिन्यात आल्या नाहीत. त्यांच्या दोन मैत्रिणीही आल्या नाहीत.

मी म्हटलं, "वहिनी, परीक्षेचा भरवसा नाही आणि इथे माणसं तुटायला लागली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं व्हायचं."

"भीती मलाही वाटते, वन्सं," ती म्हणाली. "पण एकदा खरं बोलून बसले ना, आता हे तोंड ऐकत नाही."

आणि खरंच ऐकेना. इतक्या वर्षांची मतं आत साठली होती, ती एकेक बाहेर पडायला लागली. कुणाला म्हणाली, हा कट तुम्हाला शोभणार नाही. कुणाला म्हणाली, तुमची सून वाईट नाही, दमलेली आहे. मी गल्ल्यामागे देवाचं नाव घेत बसायचे. आयुष्यभर मी जे सहज करत आले ते ती घाबरत घाबरत करत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करत होती. मी बोलले की माणूस दुखावतो. ती बोलली की माणूस विचारात पडायचा. हे मला जमलेलं नाही, आणि आता या वयात जमेल असं वाटतही नाही.

एक दिवस मॅनेजरबाई परत आल्या. कुठेतरी दुसरीकडे जाऊन आल्या होत्या, ते केसांवर दिसतच होतं. "तिथे सगळ्याला छान म्हणतात," एवढंच बोलून खुर्चीत बसल्या. वहिनीनं केस हातात घेतले आणि म्हणाली, "छान नाही झालेलं." मॅनेजरबाई हसल्या. त्यांची मुलगी तिला हवं तेच शिकायला लागली होती.

परीक्षा जवळ आली तेव्हा मला आठवलं, ही बाई कायम उभ्यानं लिहिते. तिथे बसून लिहावं लागणार. म्हटलं, बस खुर्चीत. बसली, आणि दोन मिनिटांत उठली. "ही जागा गिऱ्हाइकाची आहे, वन्सं. इथे बसलं की काम राहिल्यासारखं वाटतं." शेवटी मी तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून मागे पिन लावली, तेव्हा कुठे बसली. चार दिवस तिनं निबंध लिहिले ते असे, गळ्यात टॉवेल घालून. भाचीनं फोटो काढून दादाला पाठवला.

परीक्षेच्या दिवशी मी त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून होते. वहिनी बाहेर आली ती चेहऱ्यावरून काही कळू न देता.

"विषय काय होता?"

"वाचनालयं बंद करून त्या जागा दुकानांना द्याव्यात का."

"मग?"

"पहिलंच वाक्य लिहिलं, मला हे पटत नाही."

"तू कधी गेलीस वाचनालयात?"

"नाही गेले. पण शिंप्याची आई रोज आपल्याकडे येऊन नुसती बसते ना? तिला काही करून घ्यायचं नसतं. काही विकत न घेता बसता येईल अशी एखादी जागा गावात असायला हवी, असं लिहिलं. दुकानदारांची बाजू दुसऱ्या परिच्छेदात." मग म्हणाली, "शेवटचं वाक्य झालं आणि माझा हात आपोआप नळाकडे जायला लागला. तेव्हाच त्यांनी वेळ संपली म्हणून सांगितलं."

निकाल आला तेव्हा ती एका मुलीच्या भुवया करत होती, धागा दातांत. भाची मोबाईल घेऊन धावत आली, आई, पास, अर्धा गुण जास्तच. वहिनीनं मान हलवली. एक भुवई राहिली होती. ती पूर्ण केली, पावडर लावली, मुलीला आरसा दाखवला, आणि मग भिंतीला टेकून रडली. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि पाठोपाठ एकटं एकटंही वाटलं. इतके दिवस मी तिच्या पास होण्यासाठी धडपडत होते. पास होणं म्हणजे जाणं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

कागद झाले, तिकिटं झाली. पार्लर चालवायला एक चांगली मुलगी मिळाली, तिलाही वहिनीनंच पारखलं. मी गल्ल्यावर राहणार होते. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीनं दार आतून लावलं आणि मला म्हणाली, "बसा. तुमचे पांढरे दिसायला लागलेत."

तिनं शांतपणे, भांग पाडून पाडून, सगळ्या डोक्याला रंग लावला. हातमोजे काढले, टायमर लावला. कागद नव्हता, निबंध नव्हता. माझ्या शेजारच्या खुर्चीत ती स्वतःहून बसली.

"विषय द्या," आरशात बघत म्हणाली.

मी म्हटलं, "खरं सांग. तुला जायचंय का?"

पूर्वीची वहिनी म्हणाली असती, जायचंयही आणि नाहीही, आणि मीही तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

"जायचंय," ती म्हणाली. "मला जायचंय, वन्सं."

मी मान हलवली. ती अजून बोलेल म्हणून वाट पाहिली.

"आणि तुम्हाला सोडून जाताना माझा जीव तुटतोय," ती म्हणाली. "पण तो दुसरा परिच्छेद."

तिनं माझा हात धरला. टायमर वाजला. तो वाजत राहिला, आणि केस थांबत नाहीत म्हणणारी ती बाई जागची हलली नाही.

माझे केस ठरल्यापेक्षा बरेच काळे निघाले. आरशात बघून मी काही बोलले नाही.