पाद्र्यांचा झगा

तीनशे गाऊन शिवून, इस्त्री करून तयार होते आणि लातूरच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, गाऊन रद्द. पदवीदान आठ दिवसांवर आलं होतं.

"हा पाद्र्यांचा झगा आहे म्हणे, मास्टर. आमच्या पोरांना कशाला?"

ते खुर्चीत, मी उभा. नांदेडहून एसटीत हादरे खात आलेल्या माणसाला 'बसा' म्हणायची त्या केबिनमध्ये पद्धत नाही. सात वर्षं गाऊन पुरवले, सात वर्षं उभाच.

डोकं तापलं. पण प्रत्येक गाऊनवर त्यांच्या कॉलेजचं चिन्ह भरलेलं. दुसरीकडे ते खपणार नव्हते. तोंड आवरलं आणि दोन दिवस मागून घेतले.

नांदेडला जाधव सर आहेत. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः ख्रिश्चन. हे खोटं आहे असं त्यांच्याकडून लिहून घ्यावं म्हणून गेलो. सर हसले. म्हणाले, अध्यक्ष खरं बोलतात. युरोपातली जुनी विद्यापीठं चर्चच्या आश्रयानं वाढली. शिकवणारे, शिकणारे बहुतेक चर्चचेच. गार दगडी इमारतीत बसायचं म्हणून लांब झगा, डोक्यावर टोपडं. तेच आमच्या धंद्यातलं हूड, पाठीवर लोंबणारं. आर्ट्सचा एक रंग, सायन्सचा दुसरा. वीस वर्षं हूड शिवलं, ते कुणाच्या थंडीसाठी होतं हे तेव्हा कळलं.

"मग संपलंच की, सर."

"संपलं कसं? डीन हे पदसुद्धा चर्चमधूनच आलंय."

डीन म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख. लातूरला त्या खुर्चीत अध्यक्षांचे जावई होते. दारावरची पितळी पाटी नवी होती.

तिसऱ्या दिवशी गेलो तर जावईही केबिनमध्ये बसलेले. मी भांडलो नाही.

"साहेब, तुमचंच खरं निघालं. गाऊन नेतो माघारी. पण डीन बी चर्चचंच हाय. ती पाटी मीच उतरवून देतो, पेचकस आणलाय."

जावई सासऱ्यांकडे बघू लागले. अध्यक्षांनी टेबलाची काच रुमालानं पुसली. पुन्हा पुसली.

"पोरांना फोटो काढायचेत," शेवटी म्हणाले. "राहू द्या गाऊन. हूड तेवढं नको."

मी पेचकस काचेवर ठेवला. हूडही राहिलं.

समारंभ झकास झाला. पुढच्या वर्षीची ऑर्डर परभणीच्या माणसाला गेली. त्याला तिथं खुर्ची मिळते म्हणे.

गिऱ्हाईकाला पेचात जरूर धरावं. फक्त त्याच्या जावयासमोर धरू नये.