पाणी लावू नका

मी कचऱ्याचे दागिने करत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याकडून ते घेणाऱ्या बायकांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मुंबईहून मागवले. त्या काळी अमरावतीच्या कितीतरी वकील-डॉक्टरांच्या बायकांच्या कानांत सिगारेटच्या पाकिटातली चांदी लटकत होती आणि त्या एकमेकींच्या कानाला हात लावून नाजूक कामाचं कौतुक करत होत्या. मला आधी हसू यायचं. पुढे पुढे तेही येईनासं झालं.

सुरुवात माझ्या सासूपासून झाली. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आत्याबाईंनी घरातले देव नदीत सोडले आणि गळ्यातला देवीचा टाकही काढला. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणत. इतक्या वर्षांची सवय, त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा. एकदा म्हणाल्या, "देव गेला त्याचं मले काई नाई. पर गळा लय रिकामा लागून रायला." घरात सोनं तर सोडाच, पितळही नव्हतं. माझा नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता. साहेब लोक सिगारेटी ओढून पाकिटं फेकत, त्यातली चांदी तो पोरांना खेळायला घेऊन यायचा. मी जुन्या वहीचे कागद कापले, मणी वळले, वर ती चांदी चढवली आणि आत्याबाईंना माळ करून दिली. ती त्यांनी मरेपर्यंत घातली. आंघोळीला जाताना खुंटीला अडकवायच्या आणि अंग कोरडं झाल्याशिवाय गळ्यात घालायच्या नाहीत.

काम सोपं, पण चिकाटीचं होतं. कागदाची एका टोकाला निमुळती होत गेलेली पट्टी कापायची, तिला खळ लावायची, सायकलच्या चाकाच्या तारेवर घट्ट गुंडाळायची आणि तार ओढून घ्यायची. मणी दोन दिवस सावलीत वाळवायचे. मग चांदी. महागड्या सिगारेटींच्या पाकिटात सोनेरी कागद असे, तो मिळाला की सोन्याचे मणी. अकोल्याला माझा भाऊ जिनिंग फॅक्टरीत होता, तो जळक्या मोटरीतली तांब्याची तार पाठवायचा. तिचे आकडे आणि फासे व्हायचे. कागद मी इतवारा बाजारातल्या रद्दीवाल्याकडून घ्यायची आणि निवडून कोर्टाचा घ्यायची, कारण तो जाड असतो. माल दिसायला भारी आणि अंगावर हलका. एकच पथ्य होतं, पाणी लागता कामा नये. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेवढंच सांगायची: आत कागद आहे, पाणी लावू नका.

गिऱ्हाइकं मला मागच्या दारानेच बोलवायची. तिथे भांडी घासायच्या दगडाजवळ मी फडकं पसरायचं आणि त्यांनी वरच्या पायरीवर बसून बोट दाखवायचं. आवडलेला डूल मी उचलून द्यायचा नाही, फडक्यावर वेगळा काढून ठेवायचा, मग त्या तो उचलणार. पैसेही तसेच, वरून खाली. कानाच्या पाळीत अडकवायचं ते माझ्या बोटांनी वळलेलं चालत होतं, फक्त मधे एक फडकं लागत होतं. एवढी अक्कल घेऊन या बायका शहर चालवत होत्या. महिला मंडळ काढत, भाषणं करत आणि आमच्यासारख्यांचा उद्धार कसा करावा यावर चहा पीत चर्चा करत.

त्या मंडळाची चिटणीस एका वकिलाची बायको होती. बाईसाहेब म्हटलेलं त्यांना आवडायचं, म्हणून मी म्हणायची. दिवाळीच्या आधी मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन भरे. त्या वर्षी बाईसाहेब पायरीवरून म्हणाल्या, "यंदा तुला एक टेबल देते. खुर्ची. वर तुझ्या नावाची पाटी. तुम्हा लोकांनी आता पुढे यायला हवं."

खरं सांगते, त्या टेबलाने माझी झोप उडवली. खुर्चीवर बसून, समोर टेबल, वर माझं नाव, आणि समोरून येणाऱ्या बायकांनी ते वाचून मग माल हातात घ्यायचा. मी चौथी शिकलेली. माझं नाव शाळेच्या दाखल्यापलीकडे कुठेही लिहिलं गेलं नव्हतं. ते टेबल मला हवं होतं आणि त्यासाठी मी काय काय गिळलं ते पुढे येईलच.

टेबल कबूल केल्यावर त्यांनी काम सांगितलं. पुण्याला त्यांच्या दोन भाच्या होत्या म्हणे, दोघींसाठी अगदी सारखे दोन साज हवे होते: ठुशी, लांब माळ, डूल, बाजूबंद. सोनेरीच पाहिजेत आणि पोळा झाला की लगेच. मापाला दोन दोरे दिले. घरी येऊन मी ते जमिनीवर टाकले. दोन्ही दोरे तंतोतंत सारखे, आणि गळा असा की त्यात आमच्या घरातले दोन गळे बसले असते.

आत्याबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या काई भाच्या नोयत. ह्या महालक्ष्म्या होत."

बरोबर होतं. भादव्यात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. लोखंडी कोठीवर मुखवटा ठेवून वर साडी नेसवतात, तिचा गळा तो. खरं सोनं तिजोरीत ठेवायचं आणि देवीला सिगारेटचा सोनेरी कागद घालायचा, हा बाईसाहेबांचा बेत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्या पटाईत होत्या.

नवरा भडकला. "आपण हे सोडलं ना? मंग तू काऊन करून रायली?"

"मी पूजा नाई करत. मणी करतो," मी म्हटलं.

उत्तर फाडकन दिलं, पण ते मला स्वतःलाही पटलं नव्हतं. महिनाभर मी मणी वळत होते आणि स्वतःला बजावत होते की हे भाच्यांसाठी आहेत. टेबलासाठी माणूस असल्या भाच्यांवरही विश्वास ठेवतो. साज झाल्यावर मी ते नेऊन दिले आणि नेहमीचं वाक्य दोनदा म्हटलं. बाईसाहेब म्हणाल्या, "कळलं गं, किती वेळा सांगशील."

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, सकाळी त्यांची मोलकरीण सायकल रिक्षा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "चाल लवकर. माळा फुगल्या. सांजच्याले साऱ्या बायका हळदीकुंकवाले येऊन रायल्या." मोडतोडीसाठी मी नेहमी जास्तीचे मणी करून ठेवायची. तो डबा घेतला आणि निघाले.

सवयीने मी मागच्या दाराकडे वळले, तर मोलकरणीने हात धरला. मागे सोवळ्यातला स्वयंपाक चालला होता. माझी सावली पडली असती तर सोळा भाज्या नासल्या असत्या. म्हणून मला समोरच्या दाराने घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घराची पुढची पायरी चढले ती अशी, पुरणाला बाट लागू नये म्हणून. ओसरीवर मला उभं केलं. आतल्या खोलीला पडदा होता.

बाईसाहेब ताट घेऊन आल्या. जरा लांबच खाली ठेवलं आणि मागे सरकल्या. ताटात माझं महिनाभराचं काम लगदा होऊन पडलं होतं. मणी फुगून उकलले होते, सोनेरी कागद सुटला होता.

"कच्चा माल दिलास तू."

"पाणी लागलं, बाईसाहेब."

"पाणी कुठलं? हवा दमट आहे."

मी एक माळ उचलली. तिला गोमूत्राचा वास येत होता. दोन मण्यांच्या मधे तुळशीचं पान चिकटलं होतं. ते मी काढून ताटाच्या काठावर ठेवलं. बाईसाहेबांची मान अवघडली. म्हणाल्या, "शुद्ध करून घ्यावं लागतं. रीत असते. तुला कळायचं नाही ते." आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला, "पण कागद? लोकांच्या उष्ट्या रद्दीचा कागद देवीच्या गळ्यात घातलास तू?"

"देवीच्या कुठं? भाच्यांच्या," मी म्हटलं.

उकललेला एक मणी मी बोटाने सरळ केला. निळ्या शाईतलं, उजवीकडे कललेलं अक्षर अजून वाचता येत होतं. वाचून दाखवलं: प्रतिवादी गैरहजर. बाईसाहेबांनी वाकून पाहिलं. अक्षर त्यांच्या नवऱ्याचं होतं. त्यांच्याच घरातून गेलेली रद्दी इतवाऱ्यातून माझ्याकडे आली होती आणि माझ्याकडून परत त्यांच्या देवीच्या गळ्यात गेली होती. मला ते आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तोच कागद मी मुद्दाम वापरला असता.

मी ओसरीवरच बसले. डब्यातले कोरडे मणी काढले, दोन तासांत दोन्ही साज पुन्हा ओवले. बाजूबंद झाले नाहीत, बाकी सगळं झालं. ते दोन तास बाईसाहेब पडद्याशी उभ्या होत्या आणि मधेमधे गोड बोलत होत्या. टेबल कोपऱ्यातलं नाही, दारासमोरचं देणार होत्या. पाटी पेंटरकडून रंगवून घेणार होत्या. अडला हरी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

उठताना म्हटलं, "बाईसाहेब, आता पाणी लावू नका."

"नाही गं बाई."

मी फाटकाशी येऊन चपला घातल्या. पुढचं दार उघडंच होतं, मला लावायला सांगण्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहज मागे पाहिलं. बाईसाहेब ताट हातात घेऊन आतल्या अंगणातल्या तुळशीपाशी आल्या होत्या. डावीकडे, उजवीकडे पाहिलं. मग तांब्यातली पळी भरून माझ्या माळांवर ओतली. एक पळी, दुसरी पळी. जित्याची खोड. त्यांना राहवलंच नाही. दोन तास ते मणी माझ्या बोटांत होते ना.

मी हाक मारू शकले असते. मणी लगेच पुसले असते तर निम्मे वाचले असते. बाईसाहेब वाचल्या असत्या, टेबल वाचलं असतं. हाक अगदी गळ्यापर्यंत आली होती. पण त्यांचा पुटपुटणारा चेहरा पाहून मला इतकी शिसारी आली की मी तोंड मिटलं आणि चालू लागले.

संध्याकाळचं मला मोलकरणीने सांगितलं. दिवे लागले, बायका जमल्या, ओटी भरायला एकेक पुढे वाकू लागली, आणि ज्येष्ठेच्या गळ्यातून कागदाची पट्टी सुटून छातीवर लोंबली. पाठोपाठ कनिष्ठेच्या. एका न्यायाधीशाच्या बायकोने चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. "एकीनं बी हसू दाबलं नाई," मोलकरीण म्हणाली. मला हसू आलं, आणि त्याच वेळी टेबल गेलं हेही कळलं.

प्रदर्शनातली सगळी टेबलं भरल्याचा निरोप आला. मंडळाच्या कुणीच मग माझ्याकडून काही घेतलं नाही. बाईसाहेबांनी सांगितलं होतं की ही बाई मुद्दाम घाण कागद घालते. पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली अकोल्याला झाली. भाऊ तिथे होताच. मी पुन्हा काम सुरू केलं, पण कागदाचं नाही. फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर धरून वाकवायची आणि तांब्याच्या तारेत गुंफायची. ते डूल दिवसभर पाण्यात ठेवले तरी काही होत नसे. लोक म्हणायचे, माल सुधारला. मला मात्र ठाऊक होतं की तो मी कुणासाठी बदलला, आणि त्याबद्दल मला स्वतःचा जितका राग येई तितका बाईसाहेबांचाही येत नसे. त्यांचं धुणं सोयीचं व्हावं म्हणून मी माझे मणी सोडले होते.

आठवडी बाजारात मी फडकं पसरायची. वनस्पती तुपाच्या डब्याचं झाकण घेऊन त्यावर माझं नाव स्वतः रंगवलं आणि समोर टेकवून ठेवलं. अक्षर वाकडं आलं होतं, पण लांबून वाचता येत होतं.

एका बाजाराच्या दिवशी बाईसाहेब समोर उभ्या. कुणाच्या तरी लग्नाला अकोल्याला आल्या असाव्यात. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. हिरव्या काचेचे डूल फडक्यावरून उचलले.

"पाणी लागलं तर चालतं ना?"

"चालते. खुशाल धुवा," मी म्हटलं. "आमी बी तुमचा पैसा घरी नेऊन धुतो."

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांनी रुपया फडक्यावर टाकला आणि मोड न घेता निघून गेल्या. खरं तर मी आयुष्यात कुणाचा पैसा धुतला नव्हता. तसल्या कामाला मला सवडच नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मी मोरीपाशी बसले, तो रुपया वाटीत टाकला आणि वर पाणी ओतलं. अंगठ्याने घासू लागले. आत्याबाई आंघोळीला निघाल्या होत्या. माळ खुंटीला अडकवता अडकवता त्या थांबल्या.

"काय करून रायली वो?"

"काई नाई."

त्यांनी वाटीत वाकून पाहिलं.

"तू बी त्यायच्यातलीच झाली का?" म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.