पोथीची पानं उलटणारा हात

कार्तिक वद्य पंचमी, सकाळी नऊ. रामघाट, दुसरा मजला. हजर: वेदपाठशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, त्यांच्या सूनबाई आणि मी. शिवाय पाटावर बसवलेला माझा यांत्रिक हात.

मी स्वतंत्रपणे काम करणारी रोबोटिक्स इंजिनिअर. एरवी घरी बसून दूरच्या गोदामांतल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. हे काम ओळखीतून आलं. लकवा मारल्यापासून गुरुजींचा उजवा हात चालत नव्हता. पोथीची पानं सुटी आणि लांब. दोन्ही हातांनी उचलली नाहीत तर वाकतात, जुनी असली तर तुटतात. म्हणून रोज सूनबाई शेजारी बसून पानं उलटायच्या, आणि त्यांना सवड होईपर्यंत गुरुजी थांबायचे. त्यांना कुणासाठी न थांबता वाचायचं होतं. मागणी एवढीच.

मी यादी करून सगळं मोजलं होतं: पानाची लांबी, जाडी, पकडीचा जोर, डाव्या हाताखाली येईल असं बटण. गुरुजींनी बटण दाबलं. हाताने पान अलगद उचललं आणि पुस्तकासारखं उजवीकडून डावीकडे टाकलं. मागची बाजू उलटी आली, अक्षरं डोक्यावर उभी.

गुरुजींनी मान तिरकी करून अक्षरं पाहिली. मग म्हणाले, "तुझं यंत्र कॉन्व्हेंटमधलं दिसतंय."

सूनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पोथीचं पान खालच्या कडेने उचलून वरच्या बाजूला उलटतात. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. यादीत मात्र लिहिलं नव्हतं. दुरुस्ती फार नव्हती. मनगटाचा सांधा नव्वद अंशांत फिरवून बसवला, प्रोग्राम बदलला, रद्दी कागदांवर दिवसभर चालवून पाहिला.

चौथ्या दिवशी पुन्हा आम्ही तिघं. या वेळी पान सरळ पडलं. पाच-सहा पानांनंतर गुरुजी यंत्राकडे बघेनासे झाले. सूनबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग सब्जी घेऊन येते असं सांगून बाहेर पडल्या. तासभर गुरुजींच्या वाचनाखेरीज आवाज नव्हता. चुका टिपायला मी वही उघडली होती. टिपण्यासारखं काही निघालं नाही.

अध्याय संपला. गुरुजींनी सूनबाईंना हाक मारली, मग त्या बाजारात गेल्याचं त्यांना आठवलं. पोथी फडक्यात गुंडाळून दोरीने बांधायची होती. ती उघडी टाकून ते उठत नाहीत. डावा तळवा पानांवर ठेवून बसून राहिले.

मी बांधते म्हटलं. त्यांनी बांधू दिलं. मी गाठ आवळत असताना म्हणाले, "आज तू आहेस. उद्या?"

त्यानंतर दोरीऐवजी चुंबकाची पट्टी लावून पाहिली, चिमटे लावून पाहिले. फडकं घट्ट बसत नाही, आतली पानं सरकतात. यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली आहे. एका हाताने पोथी बांधण्याचं अजून जमलेलं नाही.