कांबळे मास्तरांची तान आणि धूर ओढणारी मशीन

मानपाड्याच्या आमच्या गाळ्यात ग्रिल आणि रेलिंग बनतात, पण खरं प्रॉडक्शन किश्शांचं. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात. हे सगळे धूर ओढणाऱ्या मशीनचे.

वेल्डिंगला आमचे कांबळे मास्तर. दिवसा वेल्डिंग, संध्याकाळी भीमगीतं. गेल्या जयंतीला वरची तान धरताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि गाणं अर्धवट राहिलं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, धूर सुटला नाही तर गाणं सुटेल. मास्तर आमच्या मालकांना, भोईरशेठना म्हणाले, "शेठ, मग काम सोडतो. गाणं नाय सोडणार."

शेठ वळून मला म्हणाले, पुढच्या जयंतीच्या आत धूर ओढणारी मशीन शोध. मास्तर गेले तर गाळाच गेला. तसा भिंतीत पंखा होता की! धूर त्या पंख्याकडेच जायचा, फक्त व्हाया मास्तरांचं नाक.

*

पहिली कंपनी 'पोर्टेबल' मशीन घेऊन आली. टेम्पोतून उतरवायला चौघे लागले, आणि गाळ्याच्या उंबऱ्याशी ती जी अडली ती अडलीच. शेठ शांतपणे सेल्समनला म्हणाले, "याला पोर्टेबल बोलता? मग माझी म्हैस पण पोर्टेबल. ती निदान स्वतः चालते."

*

दुसऱ्या कंपनीने अगरबत्ती लावून डेमो दिला. धूर असा सुर्रकन आत गेला की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मास्तरांनी रेलिंग जोडायला घेतली. रेलिंग लांब, मास्तर पुढे सरकणार, आणि मशीनची नळी सोडली की मान टाकणार! सेल्समन म्हणाला, नळी हाताने धरायची.

मास्तरांनी काम थांबवलं. "एका हातात वेल्डिंगचा होल्डर, दुसऱ्यात तोंडापुढची शील्ड. तिसरा हात वागळे इस्टेटच्या दुकानात मिळतो का?"

*

तिसरी मशीन चाकांवर पळायची, नळी ठेवली तिथे राहायची. मी खूश. पण शेठनी उत्साहात ती ग्राइंडरजवळ नेली आणि सहज विचारलं, ठिणगी आत गेली तर फिल्टरचं काय होतं? सेल्समनने घाईघाईने मशीन मागे ओढली. आम्हाला उत्तर मिळालं.

*

चौथी तिसरीसारखीच, वर फिल्टरच्या आधी ठिणग्या अडवणारी जाळी होती. आता शेठ सेल्समनचं काही ऐकेनात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुपारभर मास्तरांना खेटून बसले. मास्तर वेल्डिंग करतायत, शेठ चहा पितायत. संध्याकाळी कॉलर तपासली, तर पांढरीशुभ्र! आणि मास्तर दिवसभरात खोकलेले नव्हते. शेठ एवढंच म्हणाले, "ठेवून जा."

*

जयंतीच्या संध्याकाळी मंडळाने स्टेजवर इफेक्टचा धूर सोडला. धुराशिवाय एन्ट्री नाही, असा अध्यक्षांचा हट्ट. मास्तर धुरात दिसेनासे झाले.

पण शेठना या हट्टाचा आधीच सुगावा लागलेला. त्यांनी मशीन टेम्पोत घालून आणलेली. आम्ही दोघांनी ती स्टेजच्या कडेला ढकलली, नळी मास्तरांच्या खांद्याशी वाकवली आणि मी बटन दाबलं. धूर सरसर आत जायला लागला. आधी मास्तरांचा फेटा दिसला, मग हसरा चेहरा. पब्लिकला वाटलं, हाही इफेक्टच. शिट्ट्यांवर शिट्ट्या!

मास्तरांनी गेल्या जयंतीला अडलेली तीच तान उचलली. वर गेले, अजून वर गेले. स्टेजवर आता धूर उरला नव्हता. शेठनी मला खूण केली, ऐकू दे नीट. मी बटन बंद केलं. मशीन घरघरत थांबली.

तान चालूच होती.