अक्काला आणायला गेलो होतो

या ब्लॉगवर मी हंपी लिहिली, बदामी लिहिली, बीदरचा किल्ला तर तीनदा लिहिला. आमच्या भालकीपासून चार तासांवर असलेलं सख्ख्या बहिणीचं गाव मात्र कधी लिहिलं नाही. कसं लिहिणार? सात वर्षांत मी तिकडं फिरकलोच नव्हतो. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

आमच्या सीमाभागात राखीपेक्षा पंचमी मोठी. श्रावणात नागपंचमीच्या आधी भाऊ बहिणीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. या न्यायला आलेल्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय बाई निघत नाही, मग ती विशीतली असो की पन्नाशीतली. आमचे वडील, अप्पा, होते तोवर थोरल्या बहिणीचे, अक्काचे मुराळी बहुतेक वेळा तेच. सात वर्षांपूर्वी ते गेले आणि काम माझ्याकडं आलं. मी काय केलं? फोन केला! "अक्का, ये की पंचमीला," म्हणायचं आणि ती "बघते," म्हणाली की आपलं कर्तव्य झालं असं समजायचं.

माझ्याकडं सबबही तयार असायची. माझी बायको महादेवी पंचमीला तिच्या भावाबरोबर उदगीरला माहेरी जाते. घरात मी एकटा. मग अक्कानं येऊन काय करायचं, मला भाकऱ्या थापून घालायच्या? अशी मनाची समजूत घालून मी पाठीला सॅक अडकवायचो आणि कुठल्या तरी किल्ल्यावर जायचो. तुम्ही लोक खाली "मस्त फोटो सर" लिहायचात.

मागच्या पंचमीला फोनवर मी हुशारी केली. म्हणालो, "आता तर बायकांना गाडीला तिकीट पण न्हाई अक्का. आधार कार्ड दाखव आन् बस." ती म्हणाली, "मी काय तिकिटासाठी थांबले व्हय रे, तम्मा?" धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. अक्का मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाकच मारत नाही. ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

यंदा ठरवलं, काही झालं तरी जायचं. महादेवीनं तर कमालच केली. "वन्सं येणार असतील तर मी न्हाई जात औंदा," म्हणाली आणि तिच्या भावाला येऊ नको म्हणून कळवून टाकलं. ज्वारीच्या लाह्या घरी फोडल्या, तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू वळले. शिदोरी घेतल्याशिवाय मुराळी निघत नाही. मी परसातल्या कडुलिंबाला झोका बांधला. अक्काचे गुडघे दुखतात, म्हणून फळी वीतभर खाली ठेवली. फोन मात्र मुद्दाम केला नाही. अक्काला चकित करायचं होतं ना!

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळची हुमनाबाद गाडी धरली. हुमनाबाद स्टँडवर सुसला आणि मिरचीभजी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. चुरमुऱ्यांचा हा झणझणीत प्रकार तीस-चाळीस रुपयांत पोट भरतो. तिथून गुलबर्ग्याची गाडी लगेच मिळते आणि रस्ता चांगला आहे. हळूहळू लाल माती मागं पडते, काळी लागते आणि दोन्ही बाजूंना मूग-तुरीची रानं सुरू होतात. कमलापूरला तांबडी केळी घेतली. त्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात, अक्काला खायला होतील म्हणून.

गाडीत सगळीकडं भाऊबहिणी. माझ्या शेजारच्या आजीबाईंना त्यांचा पांढऱ्या मिशांचा भाऊ घेऊन निघाला होता.

"कुणाला आणायला चाललाव?" आजींनी विचारलं.

"अक्काला. कडगंचीच्या पुढं."

"फोन केलाव का?"

"न्हाई, अचानक जायलोय."

"अगं बाई! असं कामून? मुराळी काय पाव्हणा हाय व्हय अवचित यायला? सांगावा आधी धाडावा लागतो, बाईला घर लावून निघावं लागतंय."

मी हसलो. हसायला नको होतं.

गुलबर्ग्याला गाडी बदलून आळंदची धरायची. कडगंची गेलं की पुढच्या फाट्यावर उतरायचं आणि दोन किलोमीटर चालायचं. चिखल असतो, चांगल्या चपला घालू नका. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, ओट्यावर बसले होते. अक्का आत परातीत भाजलेलं पीठ घेऊन, गूळ घालून तंबीट म्हणजे पंचमीचे लाडू वळत होती. मला बघितलं आणि तिचे हात तसेच राहिले.

"तम्मा? कामून आलास रे? घरी सगळी बरी हायत ना?"

सात वर्षांनी भाऊ दारात आला आणि बहिणीच्या मनात पहिली शंका वाईट बातमीची आली. तिथंच मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"न्यायला आलोय," मी म्हणालो.

तिनं हात धुतले, मला पाणी दिलं, माझ्या पिशवीतल्या लाह्या ताटात काढल्या आणि एक लाही तोंडात न घालता ताट झाकून ठेवलं. उपवास होता. माझ्याच नावाचा.

दाजींनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्यांची मुलगी भाग्या, तिचं लग्न याच उन्हाळ्यात गुलबर्ग्याला कार्यालयात झालं; मी अक्षता टाकून तिथूनच परत फिरलो होतो. ही तिची पहिली पंचमी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा भाऊ राजशेखर सकाळीच तिला आणायला गेला होता. लेक पहिल्यांदा माहेरी येणार आणि आई घरात नाही, हे कसं चालेल?

"मागल्या सालापातुर दर पंचमीला ही भरून ठेवायची बघा पिशवी," दाजी हळूच म्हणाले. "दोन लुगडी आन् तुमच्यासाठी तंबीट. सांजची शेवटची गाडी फाट्यावरून गेली, की सगळं परत काढून ठेवायची. औंदा तीच पिशवी राजूच्या हातात दिली, शिदोरी घालून."

मी मान वर केली नाही.

संध्याकाळी भाग्या आली. अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला पोटाशी धरलं आणि राजशेखरच्या हातातली पिशवी घेतली. कापडी, निळ्या काठाची. मी ती तेव्हाच पहिल्यांदा बघितली. तो पोरगा दमला होता, पण किती ऐटीत होता! त्याच्या वयाचा असताना मीही दोनदा अक्काला असंच आणलं होतं. नंतर कंटाळा केला.

पंचमीच्या सकाळी बायका वारुळाला गेल्या. अक्कानं आधी नागोबाला दूध वाहिलं, मग "माझ्या तम्माच्या नावानं" म्हणत पुन्हा वाहिलं. सात वर्षं ती हे असंच करत आली होती आणि मी तेव्हा कुठल्या तरी बुरुजावर उभा राहून फोटो काढत होतो.

फाट्यावर ती मला सोडायला आली, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"पुढच्या साली आधी फोन करतो अक्का. नक्की."

"पुढच्या साली भाग्या येणार की रे. मग राजूची बायको येईल, घर बघावं लागंल." तिनं तंबिटाचा डबा माझ्या हातात दिला. "आता मी आई झाले, तम्मा. बहीण व्हायचे दिवस गेले माझे. मागल्या साली आला असतास तर धावत आले असते बघ."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

भालकीत उतरलो तेव्हा महादेवी दारातच होती. नवं लुगडं, हातात ओवाळायचं ताट. तिनं माझ्या मागं बघितलं, रस्त्याकडं बघितलं आणि ताट खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "वन्संचं बी ऱ्हायलं आन् माझं बी." मी त्याच वेळी तिच्या भावाला फोन लावला. बिचारा दुसऱ्या दिवशी उदगीरहून आला आणि तिला घेऊन गेला. एका वाक्यानं विचारलं नाही त्यानं, की दाजी, हा काय खेळ लावलाय.

मग घरात मी एकटाच. अक्काचं तंबीट रोज एक-एक खाल्लं. ज्यांना बहीण आहे त्यांनी जा बाबांनो, रस्ता खरंच चांगला आहे. आणि आधी फोन करून जा.

झोका अजून सोडला नाही. गल्लीतल्या पोरी येऊन बसतात आणि तक्रार करतात, "काका, फळी वर घ्या की, पाय टेकायलेत."

मी म्हणतो, असू द्या, तेवढीच राहू द्या.