एका नावाच्या दोन प्रती

“छायाला काहीही विचारा, ‘अजून झालं नाही’ एवढंच सांगते. काय होत नाही, ते देवालाच ठाऊक!” पाथर्डी फाट्यावर छाया राहत असलेल्या इमारतीत समोरच्या झुंबरकाकू भेटेल त्याला हे ऐकवीत. दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलेली ही मुलगी दिवसभर घरात कॉम्प्युटरसमोर करते काय, हे शेजाऱ्यांना कधीच उमगले नाही.

कॉम्प्युटरच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, बिघाड शोधणारे एक साधन तिची कंपनी बनवीत होती. त्याला फंक्शनचे, म्हणजे प्रोग्राममधल्या एखादे काम करणाऱ्या तुकड्याचे, नाव सांगितले की ते त्या फंक्शनच्या दारात बसून येणाऱ्या हाका मोजी. पण प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर कधी कधी एकाच फंक्शनच्या वेगळ्या प्रती काढतो आणि प्रत्येकीच्या नावामागे टिंब देऊन शेपूट जोडतो. मग साधन ‘असे फंक्शनच नाही’ म्हणून हात वर करी. छायाने शेपूट वगळून नाव जुळवायची सोय केली आणि त्या दुपारी फंक्शन सापडले! ती खुर्चीवरून उठलीच.

तेवढ्यात टीमप्रमुख अमोलचा फोन आला. “झालं ना? संध्याकाळी ग्राहकांना पाठवतोय.”

“मोजून बघते आधी.”

“अगं, सापडलं ना? मग आता काय मोजायचं?”

तिने स्वतः ठरावीक हाका देऊन साधनाची मोजणी ताडून पाहिली. निम्म्या हाका गायब! साधन असेच बाहेर गेले असते, तर लोक भलत्याच जागी बिघाड शोधत बसले असते.

डोके चालेना, तेव्हा तिने वडिलांना फोन लावला. “दादा, मणी फुगले का?”

“कोणत्या प्लॉटचे? थॉमसन जातीचे फुगले. तिच्यातूनच काढलेल्या क्लोनचे नाय अजून. एका प्लॉटवरून दुसऱ्याचं कसं सांगू, बाई?”

छायाने पडद्यावरच्या नावाकडे पुन्हा पाहिले. साधन पहिल्याच प्रतीच्या दारात बसत होते. दुसरीकडे ते फिरकतच नव्हते!

“दादा, ठेवते!”

तिने लगेच दुरुस्ती केली आणि साधन त्या नावाच्या प्रत्येक प्रतीकडे जाऊ लागले. पुन्हा मोजणी केली. एकूण एक हाक जुळली. छायाने अशी टाळी वाजवली, की समोरच्या दारातून काकू धावत आल्या.

“काय गं, झालं का एकदाचं?”

“झालं. दुपारी हो म्हटलं असतं, तर खोटं ठरलं असतं.”