न मोडणारं सुकाणू

मी शिरूरकडची. आमच्या भागात पाणी म्हणजे विहिरीतलं नाहीतर कालव्यातलं, काठावरून बघायचं. लग्न होऊन दौंडला आले तेव्हा आमचे हे रेल्वेत फिटर होते आणि माणूस सरळ वाटला होता. दोन हजार सालाच्या आगेमागे त्यांनी पुण्यातल्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली छोटी शिडाची होडी टेम्पोत घालून आणली. धरणाचं पाणी भीमेत मागे फुगून साचतं, तिथे काठावर ती बांधून ठेवायचे. मला पोहता येत नाही. तरी दर रविवारी मी होडीत बसायचे, कारण घरी बसून घाबरण्यापेक्षा डोळ्यांसमोर काय ते बघत घाबरलेलं बरं.

त्यात ह्यांची शीळ. मी पुढे बसून दोन्ही हातांनी कड धरून देवाचा धावा करायचे आणि हे मागे बसून शीळ घालायचे. मुलगी झाली त्या रात्रीही मी आत ओरडत होते आणि हे दवाखान्याच्या व्हरांड्यात शीळ घालत फिरत होते. ते मी विसरले नव्हते, विसरणारही नव्हते.

एका उन्हाळ्यात पाणी उतरलं. त्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, बांध आहेत, बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. वरून काही दिसत नाही. आमचं सुकाणू असल्याच एका खोडावर आदळलं आणि उभं चिरलं. सुकाणू म्हणजे होडीच्या पाठीला बिजागऱ्यांवर टांगलेली फळी. ती गेली की वारा नेईल तिकडे जायचं. हे वल्ह्याने होडी कशीबशी वळवत होते आणि माझ्या मनात एकच, पोरीला कोण सांभाळणार. काठाला लागलो तरी माझी बोटं कड सोडेनात.

आता नवं सुकाणू बघणं आलं. पुण्यात तयार मिळत होतं, पण ते मोठ्या होडीचं. शिक्रापूरला ह्यांच्या मित्राचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे जाड लोखंडी पत्र्यावर खडूने माप आखून झालं. मीही बरोबर गेले होते.

“आता मोडून दाखव म्हणावं त्या बाभळीला,” हे म्हणाले. रेल्वेतल्या माणसाला जाड तेच चांगलं.

मला भावाचा ट्रॅक्टर आठवला. माहेरी ट्रॅक्टरमागे माती उकरणाऱ्या रोटाव्हेटरला एक मऊ लोखंडाचा बोल्ट होता. दगड लागला की तो तुटायचा, बाकी सगळं शाबूत. सारखा बोल्ट बदलून भाऊ वैतागला आणि त्याने एकदा कडक पोलादाचा बसवला. बोल्ट नाही तुटला. गिअरबॉक्स फुटला.

“अहो, ह्ये न्हाई मोडायचं,” मी म्हणाले, “पर मग होडीची पाठ मोडंल की. कायतरी मोडणारच हाय. सुकाणूच मोडू द्या.”

“पाण्याला भितीस तू, आन् तुलाच मोडकं सुकाणू पायजे व्हय?”

दुकानातले सगळे हसले. भित्री ठरलेल्या बाईचं कोण ऐकतं?

लोखंडी सुकाणू लावून निघालो त्या दिवशी वारा भरपूर होता. मधोमध गेल्यावर खालून करकर आवाज आला, होडी गचकन थांबली आणि मी तोंडावर आपटले. सुकाणूवर ओरखडाही नव्हता. पण बिजागऱ्या जिथे ठोकल्या होत्या ती होडीची पाठच फाटली होती आणि तिथून पाणी आत येत होतं. बघता बघता ते माझ्या घोट्यापर्यंत चढलं. पोह्यांचा डबा उलटा करून मी पाणी उपसायला लागले. आणि मागून शीळ! बुडायची भीती एकीकडे आणि ह्या माणसाचा संताप एकीकडे. शेवटी वल्हं मारत ह्यांनी होडी गाळावर नेऊन घातली, तेव्हा मी चिखलात मांडी घालून ढसाढसा रडले.

“आता सुकाणू मी निवडनार,” मी सांगितलं. “न्हाईतर होडी इकून टाका.”

होडीची पाठ दुरुस्त झाली आणि मी म्हटलं तसं सुकाणू केलं. लाकडी फळी, वर एका बोल्टवर फिरणारी, आणि तिला खाली धरून ठेवायला फक्त एक लाकडी खुंटी. काही आदळलं की खुंटी तुटायची आणि फळी वर उचलली जायची. खुंटी कशाची, हेही मीच ठरवलं. बाभळीची मोडता मोडेना, तुरकाठी नुसत्या वाऱ्याने गेली असती. कडुलिंबाची, करंगळीहून बारीक, माझ्या हाताने जोर लावल्यावर मोडेल अशी घेतली.

“लिंबाच्या दातवनावर होडी चालवायची आता,” हे म्हणाले. मी जादा खुंट्या पदराच्या गाठीत बांधल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, काठ लांब असताना, मागे टक् असा आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. होडी थोडी वळली आणि डुलत उभी राहिली. पाणी बाहेर होतं, आम्ही आत होतो.

“खुंटी दे,” हे म्हणाले. मी गाठ सोडून खुंटी पुढे केली. ह्या फिटर माणसाची खुंटी दोनदा भोकाला चुकली.

“तुमी भ्यालाय?” मी विचारलं.

“आज व्हय भ्यालोय? पयल्यापास्नं भितो म्या पान्याला. तुला कळू नये म्हून तर शीळ घालतो.”

खुंटी बसली. होडी काठाकडे वळली आणि हे पुन्हा शीळ घालायला लागले. मी पुढे तोंड करून बसले. दवाखान्याचा व्हरांडा केवढा लांब होता, आणि त्या रात्री ती शीळ एकदाही थांबली नव्हती.